‘पॉश’ची खोटी वंशावळ

‘शहरातील पॉश वस्तीत भरदिवसा घरफोडी’ अशी बातमी मराठी वर्तमानपत्रात आली तर कुणाला शब्दकोश उघडावा लागत नाही. पॉश एरिया, पॉश हॉटेल, पॉश ऑफिस हे शब्द इस्टेट एजंटापासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहेत. शब्द रुळला याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या पाठोपाठ आपल्याकडे रुळलेल्या गोष्टीबद्दल. सामान्यज्ञानाच्या पुस्तिका, रविवार पुरवण्यांतल्या चौकटी, वक्तृत्वाची भाषणं आणि आता व्हॉट्सॲप, सगळीकडे ती गोष्ट सारख्याच आत्मविश्वासाने सांगितली जाते.

गोष्ट अशी. इंग्रजांच्या काळात पी अँड ओ कंपनीच्या बोटी विलायतेहून मुंबईला येत. तांबड्या समुद्रात उन्हाने जीव नकोसा होई. म्हणून पैसेवाले साहेब आणि मडमा हिंदुस्थानकडे येताना बोटीच्या डाव्या अंगाची केबिन घेत आणि मायदेशी परतताना उजव्या अंगाची. दोन्ही वेळा सावलीची बाजू. बोटीची डावी बाजू म्हणजे पोर्ट, उजवी म्हणजे स्टारबोर्ड. तेव्हा ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’. अशा तिकिटांवर कंपनी जांभळ्या शाईने पी, ओ, एस, एच ही चार अक्षरं उमटवी. त्या अक्षरांचा झाला ‘पॉश’, आणि पॉश म्हणजे श्रीमंती.

ही गोष्ट खोटी आहे. तिला आधार नाही हे ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाने नोंदवलेलं आहे. जी. चौधरे-बेस्ट या अभ्यासकाने ‘मरिनर्स मिरर’ या सागरी इतिहासाच्या नियतकालिकात 1971 साली तिच्यावरचे आक्षेप मांडले. म्हणजे खंडन छापून येऊन अर्धशतक उलटलं. तरी गोष्ट जिवंत आहे, आणि ती खोटी आहे असं सांगायला जावं तर ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. मग उत्तरं येतात. पहिलं: सगळीकडे असंच लिहिलेलं आहे. दुसरं: तर्काला पटतं ना, उन्हाची बाजू कोण घेईल? आणि तिसरं, ज्याने माझ्या अंगाचा तिळपापड होतो: असेना का खोटी, छान गोष्ट आहे, त्यात मुंबई आहे, कुणाचं काय बिघडलं?

कुणाचं काय बिघडलं ते सांगतोच. आधी तिकिटाकडे बघू.

पी अँड ओ ही कागद न ठेवणारी पेढी नव्हती. 1837 मध्ये तिला टपालाचं सरकारी कंत्राट मिळालं, 1840 मध्ये शाही सनद. सरकारची डाक वाहणारी कंपनी म्हणजे प्रत्येक गोष्टीचा लेखी हिशेब. तिची कागदपत्रं आज लंडनमधल्या ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये सांभाळलेली आहेत. त्यांत असा शिक्का मारण्याची पद्धत असल्याचा पुरावा नाही. खुद्द कंपनीनेही तो नसल्याचं सांगितलं आहे. आणि कंपनीचं राहू द्या, प्रवाशांचं काय? हिंदुस्थानात नोकरी करून गेलेल्या इंग्रज घराण्यांनी बोटीवरच्या जेवणाची छापील कार्डं, सहप्रवाशांच्या याद्या, ट्रंकांना चिकटवलेली लेबलं पिढ्यान्‌पिढ्या जपली. आजही ती लिलावात विकायला येतात. इतक्या चिठ्ठ्याचपाट्या उरल्या आणि ज्या तिकिटाने म्हणे जगाला एक शब्द दिला त्याचा एकही नमुना उरला नाही? एकही?

तिकिटावर दोन्ही प्रवासांच्या बाजू एकदम छापायच्या तर परतीची जागाही निघतानाच ठरलेली हवी. वर्षानुवर्षांच्या नोकरीसाठी निघालेल्या कलेक्टराला किंवा पलटणीतल्या अधिकाऱ्याला परतीच्या बोटीची केबिन त्याच दिवशी ठरवायची गरज काय होती? आपण केव्हा परतू आणि कोणत्या बोटीने परतू हे त्याला तरी कुठे ठाऊक होतं?

आता तर्काला पटणाऱ्या उन्हाकडे. या गोष्टीचं सगळं वजन या एका मुद्द्यावर आहे, म्हणून तो नीट तपासायला हवा. नकाशा समोर घ्या. भूमध्य समुद्रात बोट पूर्वेकडे जाते, डावी बाजू उत्तरेची, ती सावलीत राहते. इथवर गोष्ट बरोबर. पण भूमध्य समुद्रातल्या उन्हाने कुणाचा जीव जात नव्हता, जीव जायचा तो तांबड्या समुद्रात. तिथे बोट सुवेझहून निघते ती दक्षिण-आग्नेयेला. म्हणजे तिची डावी बाजू पूर्वेकडे आणि उजवी पश्चिमेकडे. डावीकडच्या केबिनला सकाळचं ऊन, उजवीकडच्या केबिनला दुपारनंतरचं. सावलीची अशी बाजूच तिथे नाही. दुपारचं ऊन सकाळच्या उन्हापेक्षा जास्त भाजतं, तेवढ्यापुरती डावी बाजू जरा बरी. एवढंच.

पुढे एडन ते मुंबई, सुमारे 1,650 सागरी मैल. बोट पूर्व-ईशान्येला वळते, डावी बाजू पुन्हा उत्तरेकडे येते. आता उत्तर म्हणजे सावली हे युरोपातल्या माणसाचं गणित आहे. मुंबईकराने तरी ते डोळे मिटून मान्य करू नये. शून्य सावली दिवस आपल्याकडे शाळेच्या मैदानावर काठी उभी करून पोरांना दाखवतात. मुंबईत तो मेच्या मध्याला येतो आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला. मधल्या काळात माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. एडन तर मुंबईहून बरंच दक्षिणेला. तिथे हा काळ एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या मध्यापलीकडे पसरतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, जेव्हा उकाड्याने माणूस हैराण होतो तेव्हा, अरबी समुद्रात दुपारचं ऊन डाव्या बाजूलाच. त्यातच जूनपासून नैऋत्य मोसमी वारा सुरू होतो. तो येतो बोटीच्या उजव्या अंगाच्या मागच्या बाजूने. हिवाळ्यात हेच सगळं उलटं होतं, सूर्य दक्षिणेला आणि वारा ईशान्येचा. कुठली केबिन चांगली हे ऋतू ठरवत होता. बारमाही लागू पडेल अशी चार अक्षरं त्यातून निघत नाहीत.

आणि समजा, निघाली असती. समजा, हिवाळ्यातल्या प्रवाशांनी खरोखरच येताना डावी आणि जाताना उजवी बाजू मागून घेतली. तसं कुणीकुणी केलंही असेल. त्यावरून फक्त केबिनीची निवड सिद्ध होते. त्या निवडीतून शब्द जन्मला हे कशावरून? घटना शक्य होती म्हणजे ती घडली, आणि घडली म्हणजे तिनेच हा शब्द दिला, अशा दोन उड्या इथे एका दमात मारल्या जातात आणि ऐकणारा माना डोलावतो. न्यायालयात असा पुरावा कुणी पुढे केला तर न्यायाधीश त्याला उभा तरी करील का?

खरा पुरावा कुठे शोधायचा? ज्यांनी हा शब्द बोलायला हवा होता त्यांच्या लिखाणात. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीचा हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी केलेला ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश 1886 साली निघाला. विल्यम क्रूकने वाढवलेली आवृत्ती 1903 ची. बंदर, बंगला, बाजार, बटलर, जे जे म्हणून साहेबाच्या तोंडी बसलं ते या दोघांनी टिपलं. त्यात पॉश नाही. रडयार्ड किपलिंगने 1890 मध्ये पी अँड ओच्या बोटींवर आणि त्यांतून जाणाऱ्या-येणाऱ्या इंग्रजांवर ‘द एक्झाइल्स लाइन’ ही कविता लिहिली. जन्म मुंबईचा, त्या बोटींची माहिती स्वतःची, आणि बोलीतले शब्द वेचण्यात त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता. त्या कवितेतही पॉश नाही.

सगळ्यात बोलका पुरावा मात्र एका व्यंगचित्राचा आहे. ‘पंच’ या लंडनच्या साप्ताहिकाच्या सप्टेंबर 1918 च्या अंकात ते छापून आलं. हवाई दलातला एक तरुण अधिकारी आपल्या आईला सांगतो आहे की तिकडे आमचा वेळ फार पॉश गेला. आई बुचकळ्यात पडते आणि विचारते, पॉश म्हणजे काय रे? मुलगा अर्थ सांगतो तोही दुसरा एक नव्या पोरांच्या बोलीतला शब्द देऊन. हे चित्र जरा वेळ डोळ्यांसमोर ठेवा. ही आई कोण? मुलगा अधिकारी आहे अशा सुखवस्तू घरातली बाई. पी अँड ओच्या पहिल्या वर्गाने जाणारा-येणारा वर्ग तो हाच. सुवेझचा कालवा 1869 मध्ये खुला झाला. म्हणजे तोवर पन्नास वर्षं या बोटी त्या वाटेने धावत होत्या. तिकिटांवर जांभळे शिक्के खरोखर उमटत असते तर तो शब्द पहिल्यांदा या बाईला ठाऊक असता, आणि अर्थ मुलाने आईला विचारला असता. इथे उलट आहे. शब्द खालून वर आला आहे. तो तरुणांच्या, सैनिकांच्या, रस्त्यावरच्या बोलीतला आहे आणि प्रतिष्ठित घरातल्या आईला तो नवा आहे.

मग बोटीची गोष्ट आली कधी? या व्युत्पत्तीचा छापील माग लागतो तो 1930 च्या दशकातला. ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’मध्ये 1935 साली आलेल्या पत्राचा उल्लेख अभ्यासक नेहमी करतात. तोवर शब्द चांगला रुळलेला होता. आधी शब्द, मग गोष्ट; आणि गोष्ट रचताना अक्षरं जुळवून घेतली. 1968 साली ‘चिटी चिटी बँग बँग’ या सिनेमातल्या गाण्याने ती पोराटोरांच्या ओठांवर नेऊन ठेवली, आणि तिथून ती सामान्यज्ञान झाली.

अशा जुळवलेल्या अक्षरांचा एक बाजारच आहे. न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. गोल्फ म्हणजे ‘फक्त पुरुषांसाठी, स्त्रियांना मज्जाव’ या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरं. टिप म्हणजे तत्पर सेवेसाठी दिलेले पैसे, त्याचीही आद्याक्षरं. ‘न्यूज’ हे ‘न्यू’ या विशेषणाचं अनेकवचनी रूप आहे, नव्या गोष्टी, इतकं सरळ. गोल्फ हा शब्द स्कॉटलंडच्या पार्लमेंटने 1457 मध्ये त्या खेळावर घातलेल्या बंदीत आहे. पंधराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये कोण इंग्रजी आद्याक्षरांचे शब्द घडवत बसलं होतं? आद्याक्षरं जोडून बोलायचा शब्द करण्याची रीत मुख्यतः विसाव्या शतकाची, दोन महायुद्धांच्या काळात फोफावलेली. अशा शब्दांना ‘ॲक्रोनिम’ हे नावसुद्धा 1940 च्या दशकात रूढ झालं.

खरा आद्याक्षरी शब्द कसा असतो हे पाहायला लांब जायला नको. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला आळा घालणारा 2013 चा कायदा आपल्याकडे ऑफिसाऑफिसांत ‘पॉश कायदा’ म्हणून ओळखला जातो. हा पॉश खरोखर आद्याक्षरांचा. कंपनीच्या नोटीस बोर्डावर, समितीच्या इतिवृत्तांत, प्रशिक्षणाच्या पत्रकांत तो आद्याक्षरांसह आणि पूर्ण रूपासह सापडतो. शंभर वर्षांनी कुणी शोधायला बसला तर त्याला हजार कागद मिळतील. आद्याक्षरांतून आलेला शब्द आपल्या जन्माचे कागद मागे ठेवतो. बोटीच्या पॉशने एक चिटोरंही ठेवलेलं नाही.

आता ज्या कागदांवर हा शब्द सापडतो ते बघू, कारण माझा मुख्य राग इथे आहे. 1830 साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाच्या कामकाजात तो येतो, पैसा या अर्थाने, चोरचिलटांच्या बोलीतला. अल्बर्ट बारेर आणि चार्ल्स लीलँड यांचा बोलीभाषेचा कोश 1889-90 मध्ये निघाला. त्यात पॉशचा अर्थ दिला आहे पैसा, मूळ अर्थ अर्धी पेनी किंवा बारीक नाणं. आणि पुढे आणखी एक अर्थ, छानछोकीत राहणारा माणूस. दोन वर्षांनी, 1892 मध्ये, जॉर्ज आणि वीडन ग्रोस्मिथ या भावांचं ‘द डायरी ऑफ अ नोबडी’ हे विनोदी पुस्तक आलं. त्यातल्या टोप्यांच्या धंद्यात पैसा केलेल्या पात्राचं आडनावच पॉश आहे, मरी पॉश. अर्धी पेनी, मग पैसा, मग पैशाचा थाट करणारा, मग थाटमाट. एकेका पायरीचा कागद आहे, आणि या सगळ्यात बोट, केबिन, तांबडा समुद्र कुठेही नाही.

आणि अर्ध्या पेनीला पॉश का म्हणायचे? इंग्लंडमधल्या रोमानी लोकांच्या भाषेत ‘पॉश’ म्हणजे अर्धा. ‘पॉश-होरी’ म्हणजे अर्धी पेनी. जॉर्ज बॉरोने 1874 मध्ये आणि स्मार्ट व क्रॉफ्टन यांनी 1875 मध्ये त्या भाषेचे शब्दसंग्रह छापले, त्यांत हे आहे. आईबापांपैकी एकच रोमानी असलेल्याला ते ‘पॉश-रत’ म्हणत. ‘रत’ म्हणजे रक्त. ऑक्सफर्डचा कोश सावध आहे. तो श्रीमंती या अर्थाच्या पॉशचं मूळ निश्चित झालेलं नाही असं म्हणतो, आणि पैशाच्या पॉशचं मूळ रोमानी असण्याचा संभव मांडतो. सावधपणा मला मान्य आहे. पण एका बाजूला कागदांची साखळी आणि दुसऱ्या बाजूला शून्य, अशी स्थिती असताना दोन्ही पारडी सारखी आहेत असं कुणी म्हणू नये.

हे रोमानी कोण? ज्यांना युरोपने इजिप्तहून आलेले समजून जिप्सी म्हटलं ते हजारेक वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघालेले लोक. इंग्लंडमध्ये 1530 च्या कायद्याने त्यांना देशात यायला बंदी झाली, आणि 1554 च्या कायद्याने तिथे राहिल्यास देहान्ताची शिक्षा. तसले कायदे उठायला 1783 साल उजाडलं. योगायोग असा की त्याच सुमारास जर्मनीत रूडिगर आणि ग्रेलमान यांनी दाखवून दिलं की यांची भाषा हिंदुस्थानी भाषांच्या कुळातली आहे. मराठी माणसाला ते पटायला विद्वान लागत नाही. रोमानीत पाणी म्हणजे ‘पानी’, कान म्हणजे ‘कान’, माणूस म्हणजे ‘मनुष’, काळा म्हणजे ‘कालो’. मोजायला लागलं की येक, दुइ, त्रिन, श्तार, पांज. इंग्रजीत मित्राला ‘पाल’ म्हणतात तो रोमानी ‘फ्राल’, म्हणजे भ्राता, म्हणजे आपला भाऊ.

आणि अर्ध्याचा ‘पॉश’? युरोपातल्या रोमानीत तो ‘पाश’ असा उच्चारतात; अर्थ दोन, अर्धा आणि जवळ. मूळ संस्कृत पार्श्व, बाजू. त्याच पार्श्वपासून हिंदीचा ‘पास’ आला आणि आपले ‘पाशी’ आणि ‘पासून’ आले. दारापाशी उभा आहे, घरापासून निघालो, असं आपण दिवसातून शंभर वेळा म्हणतो.

इथे कुणी मला अडवेल: पार्श्वपासून पॉश म्हणणारे तुम्ही, आणि व्हॅटिकन म्हणजे वाटिका म्हणणारे पु. ना. ओक, यांत फरक काय? फरक नियमाचा आहे. ओकांच्या पद्धतीत दोन शब्द कानाला सारखे लागले की काम झालं. तो नियम दुसऱ्या शब्दाला लावून दाखवायची जबाबदारी नाही. रोमानीत मात्र संस्कृतातला श टिकून राहतो, जिथे आपल्याकडे त्याचा स किंवा ह झाला. दश तिथे ‘देश’, आपल्याकडे दहा. विंशति तिथे ‘बिश’, आपल्याकडे वीस. तसा पार्श्वचा तिथे ‘पाश’, आपल्याकडे पास. इंग्लंडच्या रोमानीत या आ-चा ऑ झाला हेही एकट्या या शब्दाचं वैशिष्ट्य नाही: काष्ठ याचा युरोपात ‘काश्त’ आणि इंग्लंडमध्ये ‘कॉश्त’, लाकूड. पाश-पॉश, काश्त-कॉश्त. एक शब्द ओळखला की दुसरा कसा असेल हे आधी सांगता येतं आणि ते पडताळून पाहता येतं. राल्फ टर्नर यांनी हयातभर हेच काम केलं. त्यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात मराठी, सिंधी, नेपाळी यांच्या रांगेत रोमानीही बसलेली आहे.

आता आला तो तिसरा प्रश्न, कुणाचं काय बिघडलं? बिघडलं ते या लोकांचं. ज्यांना हजार वर्षं कुणी गावात टिकू दिलं नाही, ज्यांच्या नावावर ना जमीन ना राज्य, त्यांच्या बोलीतल्या अर्ध्या पेनीपासून वर चढत आलेला शब्द आपण उचलला आणि पहिल्या वर्गाने प्रवास करणाऱ्या साहेबाच्या नावावर लावून मोकळे झालो. श्रीमंतीचा शब्द श्रीमंतानेच घडवला असेल हे गृहीत धरलं. गरिबाच्या तोंडून, तेही आपल्याच भाषाकुळातल्या गरिबाच्या तोंडून, असा शब्द निघाला असेल हे आपल्या मनातही आलं नाही. त्या बोटींच्या पोटात कोळसा ओढणारे खलाशी आपले होते. त्यांची आठवण या गोष्टीत येत नाही. येतो तो डेकवरच्या आरामखुर्चीतला साहेब, आणि त्याच्या सावलीचं आपल्याला कौतुक.

गोष्टीत मुंबई आहे म्हणून ती आवडते, असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो: मुंबईच्या आसपासचा आणि खरोखर मराठीतून इंग्रजीत गेलेला शब्द तुम्ही कधी कुणाला सांगितलात का? इंग्रजीतला ‘मंगूज’ म्हणजे आपलं मुंगूस. कोश तसं स्पष्ट सांगतात. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर 1670 च्या दशकात सुरत, मुंबई, जुन्नर या भागात फिरला. त्याच्या प्रवासवर्णनात तो प्राणी याच नावाने आहे. पुस्तक छापलं गेलं 1698 साली. आज जगभरची पोरं प्राणिसंग्रहालयातल्या पाटीवर ते मराठी नाव वाचतात. याला कागद आहे, तारीख आहे, माणूस आहे. तरी सामान्यज्ञानाच्या पुस्तिकेत तो शब्द नाही आणि पॉशची बोट मात्र आवृत्तीमागून आवृत्ती चालली आहे. शाळेत पोरांनी ती पाठ करायची, स्पर्धेत लिहायची, गुण मिळवायचे, आणि ज्याने ‘हे सिद्ध झालेलं नाही’ असं लिहिलं त्याचं उत्तर चूक.

या पुस्तिका काढणाऱ्यांना, चौकटी लिहिणाऱ्यांना आणि शिक्षकांना माझं मागणं एवढंच आहे की पुढच्या छपाईत हा प्रश्न काढून टाका. ठेवायचाच असेल तर उत्तरापुढे त्या जांभळ्या शिक्क्याच्या एका तरी तिकिटाचं छायाचित्र छापा.